घरात कोण खोकते आहे?

मुलांनो, खोकला कोणाला होत नाही? गुहागरला मृगाचा पाऊस सुरू होतो, अंगणे ओली होतात, कपडे वाळेनासे होतात आणि वर्गात एक जण खोकू लागतो. मग दुसरा खोकतो. कविता चालू असताना मध्येच सगळा वर्ग खोकतो आणि मला थांबावे लागते. घरी आपण आल्याचा काढा पितो, मिठाच्या पाण्याने गुळण्या करतो आणि आठ दिवसांत तो खोकला विसरून जातो. मी आज ज्या खोकल्याविषयी सांगणार आहे, तो असा विसरता येत नाही. मराठीत त्याला डांग्या खोकला म्हणतात. तुमच्या घरी त्याला काली खाँसी म्हणत असतील.

२०१९ च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. तिला मुलगा झाला. सातव्या दिवशी अकीका झाला, पाहुणे आले आणि गेले. माझ्या भावाचा मुलगा तेव्हा नववीत होता. त्याला पंधरा दिवसांपासून खोकला होता. ताप नव्हता. शाळा बुडत नव्हती, खेळणेही चालू होते. रात्री मात्र खोकल्याची उबळ आली की थांबत नसे. डोळ्यांतून पाणी येई, एक-दोनदा उलटीही झाली. "पावसात भिजतोस, म्हणून होते," असे अम्मी त्याला म्हणे. शाळेतून आला की तो दप्तर टाकून आधी पाळण्याकडे धावत असे. घरात सगळ्यांत जास्त लाड बाळाचे तोच करी.

बाळ ३८ दिवसांचे झाले. दोन दिवस त्याचे नाक वाहत होते आणि ते नीट दूध ओढत नव्हते. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास बहिणीची हाक ऐकू आली. आम्ही धावलो. बाळ खोकत नव्हते, रडतही नव्हते. त्याचे ओठ निळे पडले होते आणि छाती हलत नव्हती. अम्मीने त्याला उचलून पालथे धरले आणि पाठ चोळली. मग त्याने श्वास घेतला. त्या काही क्षणांत घरात पावसाशिवाय कशाचाही आवाज नव्हता, एवढे मला आठवते.

शेजाऱ्यांच्या गाडीने आम्ही गुहागरच्या ग्रामीण रुग्णालयात गेलो. तेथे बाळाला प्राणवायू दिला आणि रुग्णवाहिकेने चिपळूणला पाठवले. चाळीसहून अधिक किलोमीटरचा रस्ता. त्या रस्त्यात बाळाचा श्वास आणखी एकदा थांबला. चिपळूणच्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाला तपासले आणि आम्हांला एकच प्रश्न विचारला, "घरात कोण खोकते आहे?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. अम्मीने नातवाचे नाव घेतले आणि लगेच म्हणाली, "पण डॉक्टरसाहेब, माझ्या मुलीने तर गरोदरपणात दोन्ही सुया घेतल्या होत्या."

"त्या सुयांत या खोकल्याची लस नसते, खाला," डॉक्टर म्हणाले.

हे वाक्य मला त्या रात्री समजले नाही. मी शिकलेली, शिक्षिका, तरी मला ते ठाऊक नव्हते. पुढे मी विचारून आणि वाचून घेतले. ते तुम्हांला सांगावे, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

डांग्या खोकला हा फार जुना रोग आहे. १५७८ साली फ्रान्समधील पॅरिस शहरात त्याची मोठी साथ आली होती. ग्वियोम द बायू नावाच्या वैद्याने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या काळी आपल्या खाडीपलीकडचे दाभोळ बंदर विजापूरच्या आदिलशाहीत होते, यावरून काळाचा अंदाज करा. रोग कशाने होतो, हे मात्र आणखी सव्वातीनशे वर्षे कळले नाही. १९०६ साली बेल्जियममधील ब्रुसेल्स शहरात ज्यूल बोर्दे आणि ओक्ताव्ह झांगू या दोन शास्त्रज्ञांनी त्याचा जंतू वेगळा करून दाखवला. बोर्दे यांच्या नावावरून त्या जंतूला बोर्डेटेला पर्ट्युसिस असे नाव मिळाले.

हा जंतू काय करतो? आपल्या श्वासनलिकेच्या आतील बाजूस डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. भाताच्या शेतावरून वारा गेला की लोंब्या एका दिशेने डुलतात, तसे हे केस सतत हलत असतात. आत आलेली धूळ आणि कफ ते वर घशाकडे ढकलतात. डांग्या खोकल्याचा जंतू या केसांनाच चिकटतो आणि विष सोडतो. केस लुळे पडतात. कफ साचतो. तो काढायला शरीराजवळ मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे खोकणे. जंतू मेला तरी केस पुन्हा वाढेपर्यंत खोकला राहतोच. म्हणून हा आजार एवढा लांबतो. चिनी लोक त्याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात, आणि ते नाव अगदी बरोबर आहे.

लागण झाल्यावर साधारण सात ते दहा दिवसांनी नाक वाहू लागते, किंचित खोकला येतो. पहिले एक-दोन आठवडे हा रोग साध्या पडशासारखाच दिसतो, आणि नेमका याच काळात तो सर्वांत अधिक पसरतो. फसवणूक आहे ती इथे. त्यानंतर उबळी सुरू होतात. मूल एका श्वासात दहा-पंधरा वेळा खोकते, चेहरा लाल होतो, आणि शेवटी श्वास आत ओढताना 'हूप्' असा लांब आवाज येतो. बहुतेकदा मागोमाग उलटी होते. एका रुग्णाकडून, आसपासच्या कोणाच्याही अंगी प्रतिकारशक्ती नसेल तर, सरासरी बारा ते सतरा जणांना हा रोग होऊ शकतो. एकाच घरात राहणाऱ्या अशा दहा माणसांपैकी आठ-नऊ जणांना तो होतो.

मोठ्या मुलाला या रोगाने त्रास होतो, तान्ह्या बाळाला त्याने मृत्यू येऊ शकतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांतील बाळाच्या अंगात जोराने श्वास ओढण्याएवढीही ताकद नसते. त्यामुळे त्याचा 'हूप्' आवाज येत नाही. कित्येकदा खोकलाही येत नाही. त्याचा श्वासच मध्ये थांबतो आणि ते निळे पडते. त्या रात्री आमच्या घरी जी शांतता होती, ती याच रोगाचे लक्षण होती. जगभरातील रोगांचा अंदाज घेणाऱ्या तज्ज्ञांनी २०१४ या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे १ लाख ६० हजार मुले या रोगाने दगावली असावीत असे म्हटले आहे. त्यांतली पुष्कळशी एक वर्षाच्याही आतली होती.

आता लशीकडे वळू. लस म्हणजे तुमच्या उर्दूत टीका. डांग्या खोकल्याची चांगली लस तयार करण्याचे श्रेय अमेरिकेतील दोन स्त्रियांना जाते. पर्ल केन्ड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग अशी त्यांची नावे. दोघींनाही लहानपणी डांग्या खोकला झाला होता. दोघीही आधी शाळेत शिकवत होत्या, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. पुढे त्या मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स गावी सरकारी प्रयोगशाळेत काम करू लागल्या. दिवसा पाणी आणि दूध तपासायचे, हे त्यांचे नेमून दिलेले काम. डांग्या खोकल्याचे काम त्यांनी १९३२ साली सुरू केले, ते दिवसाची नोकरी संपल्यावर.

त्या काळी अमेरिकेत मोठी मंदी होती. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. या दोघी संध्याकाळी आजारी मुलांच्या घरी जात. कित्येक घरांत वीज नव्हती, रॉकेलचा दिवा असे. मुलाच्या तोंडासमोर त्या एक काचेची उथळ थाळी धरत आणि त्याला तिच्यावर खोकायला सांगत. थाळीत जंतूंना वाढायला लागणारे खाद्य असे. ती थाळी प्रयोगशाळेत नेऊन ठेवली की काही दिवसांत तिच्यावर जंतू वाढत. जंतू दिसेनासे होईपर्यंत मुलाला घरीच ठेवायचे, हेही या थाळीमुळे ठरवता येऊ लागले. त्याच जंतूंना मारून त्यांनी लस बनवली. १९३४ साली गावातील मुलांना ती देऊन पाहिली. लस घेतलेल्या ७१२ मुलांपैकी फक्त चौघांना डांग्या खोकला झाला. न घेतलेल्या ८८० मुलांपैकी ४५ जणांना झाला. आकडे छोटे वाटतील, पण जगात आज कोट्यवधी बाळांना मिळणाऱ्या लशीची वाट त्या थाळ्यांपासून सुरू होते.

पुढे हीच लस घटसर्प आणि धनुर्वात यांच्या लशींबरोबर एका सुईत देऊ लागले. घटसर्प म्हणजे खुनाक आणि धनुर्वात म्हणजे टेटनस. तीन रोगांवरची म्हणून आपल्याकडे तिला त्रिगुणी लस असे सुंदर नाव होते. तुमच्या आईवडिलांच्या लहानपणीच्या कार्डावर ते सापडेल. भारत सरकारने १९७८ साली लसीकरणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि १९८५ पासून तो सर्व बालकांपर्यंत नेण्याचे ठरवले. १९८० साली देशात डांग्या खोकल्याच्या तीन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. २००० साली ती नोंद तीस हजारांच्या आसपास आली. आता त्रिगुणीच्या जागी बाळाला पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट लस देतात. ती सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळते. मग दीड वर्षाच्या सुमारास आणि पाचव्या-सहाव्या वर्षी पुन्हा त्रिगुणी. हे सर्व आपल्या उपकेंद्रात, अंगणवाडीत मोफत होते.

मग उणीव कोठे राहते? पुन्हा एकदा आठवडे मोजा. पहिली सुई सहाव्या आठवड्यात, म्हणजे ४२ व्या दिवशी. आमचे बाळ ३८ दिवसांचे होते. चार दिवस कमी पडले, असे माझी बहीण पुष्कळ दिवस म्हणत होती. खरे पाहता चार दिवस आधी सुई मिळाली असती, तरी ती एकटी पुरली नसती. एका सुईने थोडेच संरक्षण मिळते. ते भक्कम व्हायला तिन्ही सुया लागतात. म्हणजे जन्मापासून पहिले दोन-तीन महिने बाळाजवळ स्वतःचे असे संरक्षण जवळजवळ नसतेच, आणि याच महिन्यांत हा रोग त्याचा जीव घेऊ शकतो. लस आणखी लवकर द्यावी, तर इतक्या लहान बाळाचे शरीर तिला नीट दाद देत नाही. हे महिने काढायचे कसे?

उत्तर आईजवळ आहे. बाळ पोटात असताना आईच्या रक्तातील रोगाशी लढणारे घटक वारेतून बाळाच्या रक्तात जातात. प्रवासाला निघणाऱ्याला आपण शिदोरी बांधून देतो, उर्दूत जिला तोशा म्हणतात, तसे हे असते. पण शिदोरीत काय असेल? घरात जे असेल तेच. आईने डांग्या खोकल्याची लस पाच वर्षांची असताना घेतली असेल, तर तिच्या रक्तात आता ते घटक फारच थोडे उरलेले असतात. म्हणून गर्भवती म्हणजे हामिला स्त्रीला सातव्या महिन्यापासून, नेमके सांगायचे तर २७ व्या ते ३६ व्या आठवड्यात, ही लस पुन्हा देतात. सुमारे दोन आठवड्यांत तिच्या रक्तात लढणारे घटक भरपूर तयार होतात आणि बाळाला भरलेली शिदोरी मिळते. दर बाळंतपणात ही सुई नव्याने घ्यावी लागते, कारण मागच्या वेळची शिदोरी मागचे बाळ घेऊन गेलेले असते आणि आईचा साठाही ओसरलेला असतो.

आईला सुई देऊन बाळाला वाचवायचे, ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. तुमच्या नानीला विचारा. पूर्वी नाळ विळ्याने कापत आणि कित्येक बाळे आठ-दहा दिवसांत आखडून मरत. तो धनुर्वात होता. गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची सुई मिळू लागली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. ज्या सुईला आपल्या घरांत 'टीटीची सुई' म्हणतात, तिचे हे काम. अलीकडे तिच्या जागी टीडी नावाची सुई देतात. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते.

आता डॉक्टरांचे वाक्य तुम्हांला समजेल. टीडीमध्ये दोनच रोगांच्या लशी आहेत. डांग्या खोकल्याची तिच्यात नाही. ती ज्या सुईत असते, तिचे नाव टीडॅप. नावे इतकी सारखी की घरातली माणसे सहज गोंधळतात. माझ्या बहिणीने टीडी घेतली होती, ती घ्यायलाच हवी होती आणि तिने चूक काहीच केली नाही. टीडॅप सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रियांना मिळत नाही. ती खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते आणि तिची किंमत हजार रुपयांहून अधिक असते. भारतातील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटना ती घेण्याची शिफारस करतात. माझ्या मते ती मोफत मिळायला हवी. धनुर्वाताची सुई विकत घ्यावी लागली असती, तर ती किती घरांत पोहोचली असती?

इंग्लंडने हा अनुभव घेतला आहे. २०१२ साली तेथे डांग्या खोकल्याची साथ आली आणि १४ तान्ही बाळे दगावली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून सर्व गर्भवती स्त्रियांना ही लस मोफत मिळू लागली. ज्यांच्या आईने वेळेवर लस घेतली, अशा बाळांत पहिल्या महिन्यांतील आजार सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाला. पुढे लस घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. २०२४ साली पुन्हा मोठी साथ आली, १४ हजारांहून अधिक रुग्ण सापडले आणि इंग्लंडमध्ये ११ बाळे मृत्यू पावली.

गरोदरपणी सुई म्हटले की आपल्या घरांत भीती असते. बाळाला काही होईल का, असे विचारतात. विचारणे योग्यच आहे. टीडॅपमध्ये जिवंत जंतू नसतो. अख्खा मेलेला जंतूही नसतो, त्याचे निवडक तुकडे तेवढे असतात. त्यामुळे तिच्यापासून डांग्या खोकला होऊच शकत नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, क्वचित अंग मोडून येते किंवा ताप येतो. तुकड्यांची ही लस प्रथम जपानमध्ये तयार झाली, आणि त्यामागेही भीतीचीच कथा आहे. तेथे १९७४ साली सुमारे ८० टक्के मुले लस घेत होती आणि वर्षभरात चारशेच्या आतच रुग्ण होते. लशीनंतर दोन बाळे मरण पावली, अशा बातमीने लोक घाबरले. १९७५ साली काही काळ लसीकरण थांबवले गेले, आणि ते पुन्हा सुरू झाल्यावरही लोक फारसे पुढे आले नाहीत. १९७९ साली १३ हजार लोकांना डांग्या खोकला झाला आणि ४१ जण मेले. त्यानंतर १९८१ साली जपानने कमी त्रासाची नवी लस वापरात आणली.

हे झाले आईचे. पण डॉक्टरांनी प्रश्न आईविषयी विचारला नव्हता. घरात कोण खोकते आहे, असे विचारले होते. लशीने मिळालेले संरक्षण जन्मभर टिकत नाही. काही वर्षांत ते ओसरत जाते. म्हणून तुमच्या वयाच्या मुलामुलींना आणि मोठ्या माणसांना हा रोग पुन्हा होऊ शकतो. तो सौम्य असतो. 'हूप्' आवाज नसतो, ताप नसतो, नुसता लांबलेला खोकला. अशा माणसाला कोणी आजारी म्हणत नाही, तो स्वतःही म्हणत नाही. तान्ह्या बाळाला रोग कोठून आला, याचा शोध घेतला तेव्हा अनेक देशांत तो बहुतेक वेळा घरातूनच आलेला आढळला. कधी आईकडून, कधी वडिलांकडून किंवा आजीकडून, आणि पुष्कळदा मोठ्या भावंडाकडून. तुम्हांला दहाव्या आणि सोळाव्या वर्षी जी सुई मिळते, ती टीडीच असते, हेही लक्षात घ्या.

आपल्या तालुक्यातील किती तरी घरांत कोणी कुवेतला आहे, कोणी सौदीत, कोणी मुंबईला. बाळ जन्मले की त्याला बघायला चाचा, मामू सुट्टी काढून येतात. विमानतळावरून, एसटीतून थेट पाळण्यापाशी येतात. हजहून परतलेल्या आजोबांचेही तेच. सिंगापूरच्या हज यात्रेकरूंची तपासणी करून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही यात्रेकरूंना त्या प्रवासात डांग्या खोकल्याची लागण झाल्याचे दिसून आले. एवढ्या गर्दीत तसे होणारच. हजला जाताना मेंदूज्वराची लस प्रत्येकाला घ्यावी लागते, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तशीच टीडॅपची एक सुई बाळाजवळ राहणाऱ्या मोठ्या माणसांना घेता येते. बाळाला भेटण्यापूर्वी निदान दोन आठवडे ती घ्यावी. सगळ्या घराला ती विकत घेणे परवडणार नाही, हे मला कळते. पैसे एकाच सुईचे असतील, तर ती आईची असावी. जी शिदोरी आईकडून मिळते ती चाचांच्या सुईने मिळत नाही.

बाकीच्यांनी काय करायचे, याला पैसे लागत नाहीत. ज्याला खोकला आहे त्याने बाळाला घ्यायचे नाही, त्याचा मुका घ्यायचा नाही. घर लहान असेल आणि वेगळी खोली नसेल, तर तोंडाला रुमाल बांधावा आणि बाळापासून दूर झोपावे. नवजात बाळाच्या टाळूला चघळलेला खजूर लावण्याची, तहनीकची, आपल्याकडे रीत आहे. ती करणारा माणूस खोकत असेल, तर दुसऱ्या नेक माणसाला बोलवावे. त्याने कोणाचा मान कमी होत नाही. ही गोष्ट घरात तुम्ही सांगितलीत तर मोठी माणसे कदाचित रागावतील. माझ्या अम्मीलाही पहिल्यांदा राग आला होता.

उपचारांविषयीही थोडे सांगते. गाढविणीचे दूध पाजले की डांग्या खोकला जातो, अशी समजूत महाराष्ट्रात गावोगाव आहे. ते दूध दारोदार विकणारेही असतात. त्याने हा जंतू मरत नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. मधात कधी कधी असलेल्या एका वेगळ्याच जंतूमुळे एवढ्या लहान बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. दम करून घ्या, दुआ मागा, पण वाट दवाखान्याची धरा. डांग्या खोकल्यावर जंतुनाशक औषध आहे. ते सुरुवातीलाच दिले तर आजार हलका होतो. उशिरा दिले तर खोकला लगेच थांबत नाही, पण रुग्णाकडून इतरांना होणारी लागण थांबते. बाळाने दूध सोडले, श्वास मध्येच थांबला, ओठ किंवा नखे निळी दिसली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

आमचे बाळ चिपळूणला १७ दिवस होते. घरातल्या सर्वांना औषध दिले गेले. अल्लाहच्या कृपेने ते वाचले. घरी आल्यावरही दीड-दोन महिने उबळ आली की आम्ही सगळे जागच्या जागी थांबत असू. भाचा तर कित्येक दिवस पाळण्याकडे फिरकलाच नाही. तू काही जाणूनबुजून केले नाहीस, असे त्याला सगळ्यांनी समजावले. तो काही बोलत नसे.

२०२३ साली माझ्या बहिणीला पुन्हा दिवस गेले. या वेळी २९ व्या आठवड्यात तिने टीडॅप घ्यायचे ठरवले. जवळपास ती लस मिळाली नाही. भाचा तेव्हा चिपळूणला कॉलेजात शिकत होता. शनिवारी तो एसटीने घरी आला, तेव्हा त्याच्या मांडीवर बर्फ भरलेला एक छोटा डबा होता. त्यात दोन कुप्या होत्या. एक त्याने आत्याच्या डॉक्टरांकडे पोहोचवली. दुसरी कोणासाठी, असे अम्मीने विचारले, तेव्हा त्याने शर्टाची बाही वर केली.